घराच्या अलीकडे काय लागतं?

भोपाळमध्ये कुणी गेलं आणि घरच्यांनी डोळे द्यायचं ठरवलं, की अरेरा कॉलनीतल्या एका लहानशा नेत्रपेढीतला फोन वाजतो. तिथून पुढे सगळा खेळ घड्याळाचा. माणूस गेल्यापासून सहा तासांच्या आत त्या घरी पोचायला हवं. उशीर झाला तर डोळ्यावरचा तो काचेसारखा पडदा कुणाला बसवता येत नाही. डॉक्टर हे चार वाक्यांत समजावून सांगतात. नेत्रपेढीची पांढरी व्हॅन सव्वीस वर्षं चालवणारे वसंत चांदूरकर एका दमात सांगायचे, "वेळेत गेलो तर दोन माणसं बघायला लागतील. उशिरा गेलो तर आपण नुसते सांत्वनाला आलो."

आता ड्रायव्हर म्हटल्यावर माणसानं गाडी चालवावी, हॉर्न वाजवावा, बाहेर उभं राहून तंबाखू मळावी. चांदूरकरांचा जीव तेवढ्यात रमला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. फोन वाजला की टेक्निशियनच्या आधी हे उचलणार. नाव विचारणार, वय विचारणार, किती वाजता गेले ते विचारणार, आणि मग त्यांचा तो ठरलेला प्रश्न: "घराच्या अलीकडे काय लागतं?"

पत्ता विचारायचेच नाहीत. "पत्त्याचं काय घेऊन बसलात?" ते म्हणायचे. "एफ एकशे आठ, ऑब्लिक चौतीस! हा काय पत्ता झाला? गणिताचा पेपर आहे नुसता."

ही खोड त्यांना शिवाजी नगरानं लावली होती. त्यांचे वडील छप्पन साली राजधानी हलली तेव्हा नागपूरहून सरकारी कपाटांबरोबर भोपाळला आले. कचेरीत दफ्तरी होते. शिवाजी नगरात क्वार्टर मिळालं, आणि वसंताचा जन्म तिथलाच. त्या सगळ्या क्वार्टरांचा रंग एक, दार एक, खिडकी एक. पाच वर्षांचा असताना वसंता दोनदा भलत्याच घरात शिरून पाटावर जेवायला बसला होता, आणि दुसऱ्या वेळी तर त्या घरच्या बाईनं त्याला वरण वाढलंसुद्धा. शेवटी आई वैतागली. म्हणाली, "अरे लेका, घर ओळखायला जाऊ नकोस, सगळी घरं सारखीच आहेत. घराच्या अलीकडे काय लागतं ते बघ. आधी गळका नळ, मग तुपाच्या डब्यातली तुळस, मग आपण." तेव्हापासून हा माणूस जन्मभर घराच्या अलीकडचं बघत आला.

नोकरीत आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. फोन करणाऱ्याचा आवाज रडून बसलेला असायचा, नाहीतर अगदी गोठलेला. त्याला हा प्रश्न विचारला की तो आठवायला लागायचा आणि मग आवाज सरळ यायचा. "देखिए, आप पाँच नंबर स्टॉप से सीधे आइए..." सकाळपासून ज्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं त्याला एक काम मिळायचं. एका गृहस्थांचे वडील गेले होते. त्यांनी वळणावळणासकट दहा मिनिटं रस्ता सांगितला आणि शेवटी म्हणाले की, आज पहिल्यांदा नीट श्वास आला. चांदूरकरांनी हे घरी बायकोला, मंगलाबाईंना सांगितलं, आणि सांगताना त्यांचेच डोळे भरून आले. ऑफिसात मात्र कुणाला बोलले नाहीत. हसले असते सगळे.

लोक जे सांगतील ते चांदूरकर एका लांबट वहीत शब्दाला शब्द उतरवून घ्यायचे. "काळ्या कुत्र्यापाशी वळा" म्हटलं तर काळं कुत्रं लिहायचे. कुत्रं भेटायचंही.

या वहीतली सगळ्यात जास्त पानं कुणी अडवली असतील तर शकुंतलाबाई दाणींनी. सोळाएक वर्षांपूर्वी त्यांच्या सासूबाई गेल्या, तेव्हा त्याच शिवाजी नगरातून त्यांचा फोन आला होता. बाई टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या. असा स्वच्छ, असा टाके घातल्यासारखा रस्ता सांगितला, की चांदूरकर साडेसहा नंबरच्या स्टॉपपासून त्यांच्या दारापर्यंत एकदाही न थांबता पोचले. "काकू, रस्ता सांगावा तर तुम्ही," ते म्हणाले. त्याच दिवशी काकूंनी स्वतःचा आणि नवऱ्याचा, दोघांचे नेत्रदानाचे फॉर्म भरले.

आणि तेव्हापासून दर वर्षी, वाढदिवशी, फोन. "चांदूरकर, दाणी बोलतेय. मी अजून आहे बरं का! वही काढा." मग वर्षभरात रस्त्यावर काय नवं उभं राहिलं, काय पडलं, ते त्या लिहून घ्यायला लावायच्या. मागून त्यांचे यजमान विश्वनाथराव काहीतरी दुरुस्ती सुचवायचे आणि काकू त्यांना झापायच्या, "अहो, उजवीकडे कुठलं? डावीकडे!" मग फोनवर, "यांना नाही कळत हो. सगळा जन्म सचिवालयात, वल्लभ भवनातल्या फायलींत गेला." सहा वर्षांपूर्वी दोघं कोलार रोडवरच्या छोट्या घरी राहायला गेले, तेव्हा तर काकूंनी नवा रस्ता अर्धा तास सांगितला होता. शाई संपली आणि चांदूरकरांनी उरलेलं पेन्सिलीनं लिहिलं.

मग तो दिवस आला. दोन वर्षांपूर्वी जुन्या शहरातून एक फोन आला. मुलानं रस्ता नीट सांगितला होता, पण तो त्याच्या लहानपणचा. मध्ये मेट्रोचं काम निघालं होतं, सगळीकडे पत्रे ठोकलेले. चांदूरकर उतरून लोकांना विचारत राहिले. एक म्हणे इकडून, दुसरा म्हणे तिकडून, तिसरा म्हणे मी इथला नाही. पोचले तेव्हा सहा तासांवर वीस मिनिटं होऊन गेली होती. त्या मुलानं हात जोडले आणि म्हटलं, "कोई बात नहीं।" चिडला असता, ओरडला असता तरी चाललं असतं. ते "कोई बात नहीं" चांदूरकरांच्या घशात जे अडकलं ते कितीतरी दिवस जेवणाबरोबरही उतरलं नाही. फोनवरच्या नकाशाला तो रस्ता बंद असल्याचं माहीत होतं, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं.

त्यांनी स्वतः जाऊन मोठा फोन घेतला. कुणी सांगायची वाट बघितली नाही. आणि खरं सांगायचं तर तो फोन कामाचा निघाला. कुठे गर्दी तुंबलीय, कुठे खोदलंय, सगळं त्याला ठाऊक. दोन वर्षांत एकदाही उशीर झाला नाही. फोन घ्यायचं काम आता केतकी करायची. ही नवी टेक्निशियन, मूळची ग्वाल्हेरची, सत्तावीस-अठ्ठावीसची, हात अगदी हलका. ती म्हणायची, "लोकेशन पाठवा," आणि झालं. चांदूरकर फक्त विचारायचे, "किती किलोमीटर?"

हळूहळू असं झालं, की फोनमधली बाई बोलेल तिकडे हे वळणार. एका रविवारी मंगलाबाईंनी बघितलं, तर हे जवाहर चौकात भाजीला निघालेत आणि फोन समोर लावलाय.

"अहो, तीस वर्षं जिथून कोथिंबीर आणताय तिथे जायला ही बाई कशाला लागते?"

"ट्रॅफिक बघतोय."

"स्कूटरवर? रविवारी सकाळी सात वाजता?" मंगलाबाई हसून हसून दारातच बसल्या. चांदूरकर रागावले, पण फोन काही काढला नाही. मनातून त्यांना भीती वाटत होती. तो मुलगा हात जोडून उभा असलेला दिसायचा.

गेल्या वर्षी दाणीकाकूंचा वाढदिवसाचा फोन आला तो केतकीनं घेतला. "काकू, आता लोकेशन असतं ना, रस्ता नाही सांगावा लागत," ती म्हणाली, आणि तिचं काही चुकलं असं नाही. काकू नुसतं "बरं" म्हणाल्या. केतकीनं हे चांदूरकरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, करतो मी त्यांना फोन. पण नंबर शोधावा लागणार होता, कारण फोन नेहमी काकूच करायच्या. तो शोधायचा राहिला तो राहिलाच.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. सकाळी पावणेनऊला केतकी धावतच बाहेर आली. "काका, चला. सहा वीसला गेल्यात. बारा वीसपर्यंत वेळ आहे आपल्याकडे. लोकेशन आलंय, पिपलानी."

"किती किलोमीटर?"

"बारा."

निघाले. ऊन चढायला लागलं होतं, शाळांच्या बसगाड्या परतत होत्या. फोनमधली बाई बोलत होती, चांदूरकर वळत होते, केतकी मागे डब्यातली हत्यारं तपासत होती. एके ठिकाणी बाईनं लांबून फिरवून नेलं. पुढे सिमेंटचा रस्ता खोदलेला होता, तिला ते कळलं होतं. "हुशार आहे," चांदूरकर म्हणाले. साडेनऊच्या सुमाराला बाई गोड आवाजात म्हणाली, "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं।"

समोर चार दुकानं होती. तीन बंद. चौथ्यासमोर पोहे-जिलबीची गाडी. वर एका डॉक्टरची पाटी, दवाखान्याला कुलूप. घर म्हणावं असं काही दिसेना.

"इथेच आहे काका, बघा ना, टिंब इथेच आहे."

केतकीनं फोन करणाऱ्याला फोन लावला. स्विच ऑफ. पुन्हा लावला. स्विच ऑफ. दोघांनी मागची गल्ली पालथी घातली, दोन दारं ठोकली. एका दारात एक बाई पोळपाट-लाटणं हातात घेऊनच आली आणि आमच्याकडे सगळे खुशाल आहेत म्हणून जरा रागानंच बोलली. केतकीनं ऑफिसला फोन करून कार्ड काढायला लावलं. कार्डावर शिवाजी नगरच्या क्वार्टरचा पत्ता, आणि नंबर कधीच बंद झालेल्या लँडलाइनचा. यात दहा वाजून गेले. शेवटी पोहेवालाच म्हणाला, "भैया, घंटे भर से देख रहा हूँ। किसके यहाँ जाना है?"

कुणाकडे आलोय, हेच चांदूरकरांना माहीत नव्हतं. सव्वीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. ज्या घरी जायचं तिथल्या माणसाचं नाव न विचारता ते शहर ओलांडून आले होते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"केतकी," ते हळू आवाजात म्हणाले, "कुणाकडे आलोय गं आपण?"

तिनं कागद बघितला. "शकुंतला दाणी. वय सदुसष्ट."

चांदूरकर पोहेवाल्याच्या बाकावर बसले. पोहेवाल्यानं न विचारताच पाण्याचा ग्लास पुढे केला.

"दाणीकाकू पिपलानीत नाही राहत," ते म्हणाले. "त्या कोलार रोडला राहतात. शहराच्या पार त्या टोकाला."

झालं होतं ते एवढंच. फोन केला तो विश्वनाथरावांच्या भाच्यानं, नितीननं. तो राहायचा पिपलानीत. पहाटे मामाकडे धावला, मग मृत्यूच्या दाखल्यासाठी ओळखीच्या डॉक्टरांना आणायला परत इकडे आला आणि डॉक्टर खाली येईपर्यंत दवाखान्यासमोर उभा राहून त्यानं नेत्रपेढीला फोन लावला. केतकी म्हणाली लोकेशन पाठवा. त्यानं जिथे उभा होता तिथलं पाठवलं. डोकं ठिकाणावर नसताना कुणीही तेच केलं असतं. मग डॉक्टरांना घेऊन तो परत गेला आणि सकाळपासून नातेवाइकांना फोन करून करून त्याच्या फोनची बॅटरी संपली. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं, की दहा वीस झाले आहेत आणि हातात दोन तास आहेत.

"कोलार रोडला कुठे काका?" केतकीनं विचारलं. "तिकडे शंभर कॉलन्या आहेत."

चांदूरकर उठले. ड्रायव्हरच्या सीटखाली हात घालून त्यांनी गाडी पुसायचं फडकं काढलं, पान्यांची पिशवी काढली, आणि त्याच्याखालून ती लांबट वही काढली. वर धूळ बसली होती. ती त्यांनी शर्टालाच पुसली.

"बस पुढे. द पासून बघ. पेन्सिलीनं लिहिलेलं पान असेल."

तिनं नकाशा लावायला फोन हातात घेतला आणि मग थांबून त्यांच्याकडे बघितलं.

"लाव, लाव," ते म्हणाले. "गर्दी कुठे आहे ते तिला विचार. घर आपण काकूंना विचारू."

अख्खं भोपाळ ओलांडायचं होतं. चुनाभट्टीपर्यंत चांदूरकरांना कुणाचीच गरज नव्हती, पण आज ते खिडकीबाहेर बघत होते आणि मनात चरकत होते. हे दुकान कधी उघडलं? इथला तो आवळ्याचं झाड असलेला बंगला कुठे गेला? दोन वर्षं रोज याच रस्त्यांवरून गेले होते आणि त्यांनी काही म्हणजे काही बघितलं नव्हतं. केतकी घड्याळ बघत होती. मध्ये एका चौकात दहा मिनिटं गाडी अडकली, तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

कलियासोतचा पूल दिसला तेव्हा अकरा पंधरा झाले होते. "वाच," चांदूरकर म्हणाले.

केतकी वाचायला लागली. "'पुलावरून खाली उतरलात की गाडी हळू करा. चांदूरकर, तुम्ही फार जोरात चालवता.'" ती थांबली. "काका, हे पण लिहिलंय तुम्ही?"

"जे सांगतात ते लिहायचं. पुढे."

"'उजव्या हाताला शाळा लागेल. भिंतीवर पोपट काढलेत, त्यातल्या एकाला चोच नाही. तिथे वळू नका. लोक तिथेच वळतात आणि फसतात.'"

शाळा आली. भिंतीवर पोपट नव्हते, सगळी भिंत नव्यानं पिवळी रंगवली होती. पण त्या रंगाखालून एक हिरवी शेपटी अजून डोकावत होती. चांदूरकर वळले नाहीत.

"'पुढे पिंपळ, पिंपळाखाली पंक्चरवाला. पिंपळ तोडणार असं ऐकतेय. तोडला असेल तर पंक्चरवाल्याला शोधा. त्याचं नाव रईस. तो काही तिथून हलायचा नाही.'"

पिंपळ तोडला होता. रस्ता रुंद झाला होता, आणि त्या रुंद रस्त्याच्या कडेला ताडपत्रीखाली एक दाढीवाला माणूस टायर घासत बसला होता.

"रईसभाई?" चांदूरकरांनी काच खाली केली. "दाणी साहब के यहाँ..."

तो लगेच उठला. "अम्मा के यहाँ? आँख वाले हैं आप? चाचा तो सुबह से बाहर ही बैठे हैं। इधर से, बाएँ।"

"'तिथून डावीकडे,'" केतकी वाचत होती. "'पाण्याची टाकी दिसेल. ती अगदी समोर आली म्हणजे तुम्ही पुढे गेलात, मागे या. टाकीच्या अलीकडची गल्ली, पाचवं घर. ओट्यावर निळी खुर्ची. हे त्यावर बसलेले असतील.'"

गल्ली आली. पाचवं घर आलं. ओट्यावर निळी प्लास्टिकची खुर्ची होती, आणि तिच्यात पांढऱ्या पायजम्यातले विश्वनाथराव ताठ बसले होते. अकरा एकोणतीस.

केतकी डबा घेऊन आत गेली. शेजारच्या दोन बायका तिच्यासाठी बाजूला झाल्या. काकूंनी सगळं आधीच बजावून ठेवलेलं होतं आणि काकांनी ते एकट्यानं केलं होतं: पंखा बंद, डोक्याखाली दोन उशा, मिटलेल्या पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या. घड्या मधूनमधून बदललेल्याही होत्या. नितीन पुढच्या तयारीच्या सामानाला गेला होता, मुलगी नागपूरहून गाडीनं निघाली होती, दुपारी पोचणार होती. तीस मिनिटं लागतील, केतकीनं आतून सांगितलं, आणि दार लोटून घेतलं.

चांदूरकर ओट्याच्या पायरीवर बसले. काका रागावतील असं त्यांना वाटत होतं, रागावले तर बरं असंही वाटत होतं.

"तुम्ही चांदूरकर," विश्वनाथराव म्हणाले.

"हो काका."

"फोन मी करणार होतो." काकांनी सदऱ्याच्या खिशातून नेत्रपेढीचं कार्ड काढून दाखवलं. घामानं मऊ पडलं होतं. "तिनं सांगून ठेवलं होतं. तुम्ही फोन करा, चांदूरकर विचारतील, घराच्या अलीकडे काय लागतं. मग तुम्ही रस्ता सांगायचा. मला कुठला येतोय रस्ता सांगता! श्रावणापासून रोज संध्याकाळी माझ्याकडून पाठ करून घ्यायची. चुकलो की परत पुलापासून." ते जरा हसले. "तिला वाटायचं, मी नुसता बसून राहीन. काहीतरी काम पाहिजे यांना."

चांदूरकर एक पायरी वर सरकून बसले.

"सकाळी मी कार्ड घेतलं हातात. नितीन म्हणाला, मामा, तुम्ही बसा, मी लोकेशन टाकतो. मी म्हटलं, बरं." काकांनी कार्ड परत खिशात ठेवलं. "मग बसलो."

चांदूरकरांना एकदम आठवलं. तोच शब्द काकूंनी केतकीला म्हटला होता. नवरा-बायको दोघंही "बरं" म्हणून गप्प बसणारी माणसं, आणि आपण एका फोनच्या भरवशावर दोघांनाही गप्प बसवलं.

"काका, चुकलो मी," ते म्हणाले. "मी विचारायला हवं होतं."

विश्वनाथरावांनी हात हलवला. म्हणाले, "पोचलात ना वेळेत. ती वाटच बघत असेल." आणि मग, आपण काय बोललो ते लक्षात येऊन, पायजम्यावरची धूळ झटकायला लागले.

बारा वाजायच्या आत केतकी बाहेर आली. तिनं काकांना वाकून नमस्कार केला आणि डबा छातीशी धरून व्हॅनमध्ये जाऊन बसली. आता घाई नव्हती. डब्यातलं जे होतं ते द्रावात सुरक्षित होतं. चांदूरकर गाडीपर्यंत गेले, दार उघडलं, वही उचलली आणि परत ओट्यापाशी आले. पायरीवर बसून त्यांनी वही मांडीवर उघडली. एक कोरं पान काढलं, कानावरची पेन्सिल घेतली.

"काका, घराच्या अलीकडे काय लागतं?"

विश्वनाथरावांनी त्यांच्याकडे बघितलं. आलेल्या माणसाला कशाला रस्ता हवाय, असं त्यांनी विचारलं नाही. वल्लभ भवनात साहेबासमोर उभे राहत असतील तसे ते खुर्चीत नीट सरसावून बसले. घसा साफ केला.

"पुलावरून खाली उतरलात की गाडी हळू करा," ते म्हणाले. "चांदूरकर, तुम्ही फार जोरात चालवता."

चांदूरकर मान खाली घालून लिहीत होते. कागदावर एक थेंब पडला, तो त्यांनी अंगठ्यानं पुसला.

"उजव्या हाताला शाळा लागेल. भिंतीवर पोपट. एकाला चोच नाही. तिथे वळू नका. लोक तिथेच वळतात आणि फसतात. पुढे पिंपळ... नाही. पिंपळ तोडला. तिनं सांगितलं होतं, पिंपळ आता म्हणायचा नाही. रईसचं दुकान. तिथून उजवीकडे." ते अडखळले. आत बघितलं, दाराकडे, जणू तिथून आवाज येईल. आला नाही. "डावीकडे," ते स्वतःच म्हणाले. "डावीकडे. टाकी अगदी समोर आली म्हणजे पुढे गेलात, मागे या. टाकीच्या अलीकडची गल्ली. पाचवं घर."

व्हॅनमध्ये केतकी काच खाली करून ऐकत होती.

"ओट्यावर निळी खुर्ची," विश्वनाथराव म्हणाले. तिनं शिकवलं होतं तसंच, शब्दाला शब्द, त्यांनी पुढचं वाक्यही म्हटलं. "हे त्यावर बसलेले असतील."

चांदूरकरांनी तेही लिहून घेतलं.